डोळ्याच्या रुथेनियम प्लाकचा डोस फिल्मवर मोजतेय, जितकं खोल जावं तितका आकडा कमी येतोय, कुठे चुकत असेल?

गोदाकाठची_फिजिसिस्ट

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे पण शेवटपर्यंत वाचा प्लीज. मी नाशिकमधे एका हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट आहे, दोन वर्षं झाली, रोजचं काम सगळं लिनॅकवरचं, म्हणजे कॅन्सरला बाहेरून किरण देणाऱ्या मोठ्या मशीनवरचं. आता आमच्याकडे डोळ्यासाठी रुथेनियम प्लाकची ट्रीटमेंट सुरू होतेय, परवानग्या झाल्या, प्लाक येऊन सोर्स रूममधे कुलुपात आहे, पहिला पेशंट अजून ठरलेला नाही. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, डोळ्याच्या आत गाठ झाली, मोठ्या माणसांत बहुतेक वेळा कोरॉइडल मेलानोमा आणि लहान लेकरांत रेटिनोब्लास्टोमा, तर पूर्वी डोळाच काढायचे, आता गाठ फार उंच नसेल तर डोळ्याच्या बाहेरून पांढऱ्या भागावर, गाठीच्या बरोब्बर मागे, चांदीची एक बारीक वाटी टाके घालून बसवतात आणि काही दिवसांनी काढून घेतात. वाटीची जाडी १ मिलीमीटर, आमच्यावालीची रुंदी २० मिलीमीटर, आतल्या खोलगट बाजूला रुथेनियम-१०६ चा पातळ थर आणि त्यावर ०.१ मिलीमीटर चांदीचं आवरण, एवढंच.

प्लाकबरोबर सर्टिफिकेट आलंय, त्यात मधल्या अक्षावर कुठल्या खोलीला किती डोस रेट हे टेबल आहे. आमचे सीनियर सर म्हणतात सर्टिफिकेट आहे ना, डीके करेक्शन लाव, म्हणजे सोर्स दिवसागणिक कमी होतो तेवढं धर, आणि तास काढ. सर चुकीचं सांगतात असं मला म्हणायचं नाही, पण त्याच सर्टिफिकेटवर खाली अनिश्चितता अधिक-उणे २० टक्के लिहिलीय आणि ते वाचल्यापासून मला चैन नाही. लिनॅकचा आउटपुट ३ टक्के हलला तर आम्ही सकाळी पेशंट घेत नाही, आणि इथे २० टक्के? म्हणून म्हटलं आपण स्वतः एकदा मोजून बघावं.

तर मी काय केलं, अंबडच्या एका वर्कशॉपमधून १२ मिलीमीटर त्रिज्येचा अॅक्रिलिकचा घुमट करून घेतला, म्हणजे डोळ्याचा अर्धा गोळा, आणि त्याच्या १-१ मिलीमीटर जाडीच्या आडव्या चकत्या पाडून घेतल्या, कांद्याच्या पाडतो तशा. मग ईबीटी३ फिल्मचे, म्हणजे किरण बसतील तशी गडद होणाऱ्या फिल्मचे, नखाएवढे गोल तुकडे कापून, प्रत्येकाच्या कडेला पेनाने ठिपका देऊन दिशा लक्षात राहील असं केलं, एक तुकडा सगळ्यात वर, मग चकती, मग फिल्म, मग चकती, असे सहा तुकडे रचले आणि वरून प्लाक ठेवला तासभर. फिल्मचं कॅलिब्रेशन आधीच लिनॅकच्या ६ एमव्ही बीमवर ० ते १० ग्रे (ग्रे म्हणजे डोसचं एकक) केलेलं होतं. २४ तास थांबून स्कॅन, लाल चॅनल, सगळे तुकडे स्कॅनरच्या मधोमध एकाच दिशेने.

रिझल्ट असा आला. एकदम वरच्या फिल्मवर सर्टिफिकेटपेक्षा ४ टक्के कमी. १ मिलीमीटरला १० टक्के कमी. ३ ला २४. ५ ला ३७ टक्के कमी! दोनदा केलं, दोन्ही वेळा साधारण हेच.

आता माझी झोप उडालीय ती यामुळे की आमच्या डॉक्टर मॅडम गाठीच्या टोकाला १०० ग्रे देणार. टोक समजा ५ मिलीमीटरवर आहे. सर्टिफिकेट धरून १०० तास येत असतील तर माझी फिल्म धरून जवळजवळ १५९ तास होतात. फिल्म बरोबर असेल आणि आम्ही १०० तासांत प्लाक काढला तर गाठ उपाशी राहणार, आणि फिल्म चुकीची असताना १५९ तास ठेवला तर तळाच्या पांढऱ्या पडद्याला आणि जवळ असेल तर ऑप्टिक नर्व्हला दीडपट मार बसणार. दोन्हीकडे एका माणसाचा डोळा आहे. फिल्म या ऊर्जेच्या बीटा किरणांना, म्हणजे प्लाकमधून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनना, कमी प्रतिसाद देते का? की माझा स्कॅनर? कोणी हे केलंय का?

जुना_डोसिमेट्रिस्ट

आधी एक काम कर, तास बदलू नकोस. तुला अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. मी मुंबईला पस्तीस वर्षं याच कामात काढली आणि आता इंदिरानगरला राहतो.

तुझे चार आकडे एका ओळीत लिही आणि नुसतं बघत बस. ४, १०, २४, ३७. कॅलिब्रेशन चुकलं असतं किंवा फिल्म बीटाला कमी प्रतिसाद देत असती तर वरपासून खालपर्यंत साधारण सारखाच टक्का कमी आला असता. स्कॅनरचंही तेच. इथे चूक खोलीबरोबर वाढतेय, म्हणजे तुझा डोस चुकलेला नाही, तुझी खोली चुकलीय. तू ज्याला ५ मिलीमीटर म्हणतेस तिथे ती फिल्म नाहीच.

का नाही ते बघ. ईबीटी३ फिल्मची जाडी किती, दोन्ही बाजूंना १२५-१२५ मायक्रॉनचं पॉलिएस्टर आणि मधे २८ मायक्रॉनचा काम करणारा थर, मिळून ०.२८ मिलीमीटर. लिनॅकवर आपण ही जाडी कधी मोजतच नाही, १० सेंटीमीटर खोलीवर पाव मिलीमीटर कोण विचारतो, आणि हीच सवय इथे घात करते. तुझ्या ५ मिलीमीटरच्या फिल्मवर आधीच्या पाच फिल्म बसल्यात, म्हणजे १.४ मिलीमीटर जास्तीचं. त्यात पॉलिएस्टर पाण्यापेक्षा जड, घनता १.३५ च्या आसपास, म्हणजे बीटाच्या दृष्टीने ते १.४ पेक्षाही जाड. आणि चकत्या अॅक्रिलिकच्या, त्याची घनता १.१८, म्हणजे १ मिलीमीटर अॅक्रिलिक हे १ मिलीमीटर पाणी नाही. सर्टिफिकेटचं टेबल पाण्यातलं आहे. सगळं धरलं तर तुझी शेवटची फिल्म पाण्याच्या हिशोबाने सात-साडेसात मिलीमीटरवर आहे. रुथेनियमचा डोस या पट्ट्यात दर मिलीमीटरला साधारण पाचवा हिस्सा पडतो आणि खाली खाली अजून जोरात पडतो. दोन-अडीच मिलीमीटर घसरलीस की ३७ टक्के गेलेच.

म्हणून मी पोरांना नेहमी सांगायचो की डोळ्याच्या प्लाकचा डोस मोजायला बसलात तर आधी मायक्रोमीटर घेऊन बसा. इलेक्ट्रोमीटर नंतर.

अजून एक, सहा फिल्म घातल्यावर तुझा घुमट उंच झाला, गोळ्याचा अंड्यासारखा. वाटी मधे टेकतेय पण कडांना अधांतरी असणार. वरचा आकडा जवळ आला तो मधे टेकलीय म्हणून.

आता उपाय. फिल्म आडव्या रचायच्या असतील तर एका वेळी एकच फिल्म घाल, बाकी अखंड घुमट, आणि प्रत्येक वेळी खोली मोजून लिही, फिल्मच्या मध्यापर्यंत. पण त्याहून चांगलं म्हणजे घुमट उभा चिरून दोन फोडी कर आणि मधे एकच फिल्म उभी बसव, घुमटाच्या आकाराची कापून. एका एक्सपोजरमधे वरपासून खालपर्यंत सगळा उतार मिळतो आणि रचण्याची चूक उरत नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळ. कात्रीने कापलेल्या कडेला फिल्मचे थर सुटतात, तिथे पांढुरकी रेघ दिसते, तेवढा भाग, अर्धा ते १ मिलीमीटर, वाचायचा नाही, म्हणजे पृष्ठभागाचा आकडा या पद्धतीने मिळत नाही, त्याला वेगळी आडवी फिल्म लागते. आणि दोन फोडी घट्ट आवळ, फटीत हवा राहिली तर इलेक्ट्रॉन तिथून सरळ पळतात आणि खोलवरचा आकडा खोटा वाढतो.

तुझ्या फिल्मच्या शंकेबद्दल, काळजी करू नकोस. रुथेनियम-१०६ ची स्वतःची बीटा अगदी अशक्त असते, तिचा ट्रीटमेंटला काही उपयोग नाही. काम करतं ते त्याचं लेकरू, ऱ्होडियम-१०६, अर्धायुष्य ३० सेकंद आणि बीटाची कमाल ऊर्जा ३.५४ एमईव्ही. या ऊर्जेला ईबीटी३ नीट वागते, ६ एमव्हीचं कॅलिब्रेशन चालतं. हेच आयोडीन-१२५ असतं तर वेगळा विचार करावा लागला असता, तिथे फोटॉनची ऊर्जा फार कमी.

अंबड_टर्नर

मॅडम तुमची पोस्ट माझ्या मुलीने दाखवली, ती फिजिक्सला आहे. आमचं अंबडला छोटं वर्कशॉप आहे, ऑटोचे पार्ट करतो, तुमचा घुमट आम्ही केला नाही दुसऱ्या कोणी केला पण सर म्हणतात ते बरोबर वाटतं. मला रेडिएशनमधलं काही कळत नाही, जाडीचं कळतं. तुम्ही वर्कशॉपला ड्रॉइंग देताना १ मिलीमीटर चकती एवढंच लिहिलं असणार, टॉलरन्स लिहिला होता का? लिहिला नसेल तर ०.१ इकडे तिकडे कोणी पण सोडतो आणि पाच चकत्यांत तो अर्धा मिलीमीटर होतो. प्रत्येक चकती मायक्रोमीटरने तीन जागी मोजा आणि मार्करने वर आकडा लिहून ठेवा.

आणि अॅक्रिलिक तापलं की टूलला चिकटतं, कड फुटते, पृष्ठभाग दुधाळ होतो, तर हळू फीडने आणि हवा मारत घ्यायला सांगा. फिल्मची जाडी ०.२८ आहे तर चकती ०.७२ ची का नाही करत? फिल्म धरून बरोबर १ होईल, घुमटाचा आकार पण बिघडणार नाही. ०.७२ ची चकती चकमधे पकडता येणार नाही, वाकते, पण दुतर्फा टेपने सपाट प्लेटवर चिकटवून फेसिंग घेता येतं, आम्ही पातळ शिम असेच करतो.

दुसरं, वाटी घुमटावर बसते का ते निळा लावून बघितलं का? डायच्या दोन बाजू मॅच करताना आम्ही एका बाजूला निळा रंग पुसट लावतो आणि दाबतो, जिथे टेकतं तिथेच रंग येतो. खरी वाटी वापरू नका बाबा, पण तिची डमी असते ना?

गोदाकाठची_फिजिसिस्ट

सर, अक्षरशः डोक्यावर हात मारून घेतला. ०.२८ हा आकडा मला तोंडपाठ आहे, परीक्षेत लिहिलाय, आणि रचताना एकदाही डोक्यात आला नाही.

दादा, डमी आहे, सर्जन ऑपरेशनमधे आधी तीच बसवून टाक्यांची जागा ठरवतात, खरा प्लाक सगळ्यात शेवटी. आज दुपारी शाईचा निळा पॅड घेऊन डमीला आतून पुसट लावला आणि सहा फिल्म घातलेल्या घुमटावर दाबली. मधे नखाएवढा निळा गोल आला आणि कडेला काहीच नाही. फिल्म काढून नुसता घुमट ठेवला तर निळा जवळजवळ सगळीकडे. म्हणजे घुमट बरोबर होता, मीच त्याला अंडं केलं. चकत्या पण मोजल्या, १.०२, १.०६, ०.९८, १.०९, १.०४.

लासलगावकर

मी लासलगावचा, आमच्या इथे बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) कृषक केंद्र आहे, २००२ पासून, कोबाल्ट-६० ने कांद्याला किरण देतात म्हणजे कोंब येत नाहीत. मी तिथे काही वर्षं कंत्राटावर होतो, डोसिमीटर लावायचं आणि गोळा करायचं काम केलंय म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही. कांद्याला ६० ते ९० ग्रे देतात, आणि तुमच्या गाठीच्या टोकाला १०० ग्रे, म्हणजे आकडा जवळपास तोच! घरी सांगितलं तर बायकोला खरं वाटेना. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला तर किमान ४०० ग्रे लागतात.

वर कोणी विचारण्याआधी सांगतो, सगळ्या अंगाला ४-५ ग्रे बसले तर माणूस उपचाराशिवाय वाचणं कठीण, मग डोळ्यात १०० कसे, तर ग्रे म्हणजे एका किलोमागे किती ऊर्जा, आणि इथे ती ऊर्जा शेंगदाण्याएवढ्या जागेत संपते. बाकी शरीराला नगण्य. लोक ग्रेचा आकडा ऐकून घाबरतात म्हणून लिहिलं.

आमच्याकडे मोजायचं म्हणजे फ्रिके डोसिमीटर, फेरस सल्फेटचं पाणी छोट्या बाटलीत, किरण बसले की फेरसचं फेरिक होतं आणि ३०४ नॅनोमीटरला स्पेक्ट्रोफोटोमीटरवर किती झालं ते कळतं. बाटल्या कांद्याच्या ढिगात ठरलेल्या जागी ठेवायच्या, कारण कडेला जास्त आणि मधे कमी बसतो, आणि सगळ्यात कमी जिथे बसतो तिथे पण किमान डोस पोचला पाहिजे. आम्ही ५-१० सेंटीमीटर इकडे तिकडे झालं तरी ओरडा खायचो, तुमचं सगळं काम नखाएवढ्या जागेत, हे वाचून अंगावर काटा आला.

एक विचारायचं होतं, आमच्याकडे एकाच प्रकारच्या डोसिमीटरवर विश्वास ठेवायचा नाही असा दंडक होता, दुसऱ्या प्रकाराने अधूनमधून पडताळायचं. तुमच्याकडे फिल्मशिवाय दुसरं काय वापरतात?

जुना_डोसिमेट्रिस्ट

लासलगावकर, प्रश्न अगदी मुद्द्याचा. आधी निळ्या रंगाची युक्ती, टर्नरसाहेब, मला पस्तीस वर्षांत सुचली नाही, शिकलो.

दुसरे पर्याय बरेच आहेत. प्लॅस्टिक सिंटिलेटर, म्हणजे १ मिलीमीटर व्यासाचा आणि अर्धा मिलीमीटर जाडीचा चमकणारा ठिपका, मागे ऑप्टिकल फायबर, पाण्यात बुडवून पाव-पाव मिलीमीटरने खाली न्यायचा. चांगला प्रकार, कारण प्लॅस्टिक जवळजवळ पाण्यासारखं वागतं. फक्त किरण फायबरलाही लागतात आणि फायबर स्वतः चेरेन्कोव्हचा निळसर प्रकाश देतो, तो वजा करावा लागतो. मग छोटे डायोड, हिऱ्याचे डिटेक्टर, टीएलडीच्या पातळ चकत्या (किरणांची ऊर्जा साठवतात आणि तापवल्यावर प्रकाश देतात), अॅलानाइन. प्रत्येकाची खोड वेगळी. आपण लिनॅकला वापरतो तो अंगठ्याएवढा आयन चेंबर इथे कामाचा नाही, त्याच्या पोटातच डोस वरून खाली निम्मा होतो, तो मोजणार काय?

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक्स्ट्रापोलेशन चेंबर. फार सुंदर यंत्र आहे, थोडं सांगतोच. दोन सपाट प्लेट, मधे हवेची फट, बीटामुळे फटीतल्या हवेत जो करंट निघतो तो मोजायचा. फट कमी करायची, पुन्हा मोजायचा, अजून कमी करायची. फट नसतीच तर काय झालं असतं हे त्या रेषेच्या चढावरून काढायचं, कारण फट आहे म्हणजे मोजणाऱ्याने मोजायच्या गोष्टीत ढवळाढवळ केलेली आहे. अमेरिकेची मापांची मानकं सांभाळणारी संस्था एनआयएसटी, तिचं बीटा अॅप्लिकेटरचं मानक यावरच उभं आहे, आणि आपल्या फिल्मची नाळ शेवटी अशाच कुठल्यातरी मानकाला जोडलेली असते. पण हे सपाट तोंडाच्या सोर्सला ठीक, वाटीसारख्या खोलगट प्लाकला ते जवळच नेता येत नाही, तिथे मग सिंटिलेटर आणि फिल्मकडे यावंच लागतं. सर्टिफिकेटवरचे २० टक्के यातूनच येतात. त्याआधी तर ३० होते. २००२ मधे जर्मन प्लाकची मोजणी एनआयएसटीला जोडली तेव्हा जुने आणि नवे आकडे इतके वेगळे निघाले की ज्यांनी वर्षानुवर्षं जुन्या आकड्यावर पेशंट केले होते त्यांना सगळे हिशोब पुन्हा मांडावे लागले. त्यानंतर २००४ मधे आयसीआरयूचा, म्हणजे किरणांच्या मापांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा, ७२ नंबरचा रिपोर्ट आला, २००९ मधे आयएसओ २१४३९, त्यात बीटा सोर्सची डोसिमेट्री नीट बांधून दिली. ते दोन्ही वाच.

पण मला खरं सांगायचंय ते स्ट्रॉन्शियमचं. आपल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत उन्हाधुळीत काम करणाऱ्यांना डोळ्यात मांस वाढतं, टेरिजियम, ते कापल्यावर पुन्हा वाढू नये म्हणून स्ट्रॉन्शियम-९० चा अॅप्लिकेटर काही सेकंद ते मिनिटभर डोळ्यावर टेकवायची पद्धत पूर्वी बरीच होती. दांड्याच्या टोकाला बटणाएवढी चकती. मी नवीन असताना एका ठिकाणी तपासणीला गेलो, कुठे ते सांगत नाही, तिथे पेटीच्या झाकणाला आतून एक पिवळा पडलेला कागद चिकटवला होता, त्यावर शाईने लिहिलेले सेकंद. डॉक्टर अतिशय सज्जन माणूस, पेशंटला हात लावताना सुद्धा विचारून लावणारा. तो कागद बारा वर्षं जुना होता. स्ट्रॉन्शियमचं अर्धायुष्य २८.८ वर्षं, म्हणजे वर्षाला २.४ टक्के कमी, बारा वर्षांत पाव डोस गेला. कागद तोच, सेकंद तेच. बारा वर्षांत शेवटी शेवटी आलेल्या प्रत्येकाला पाऊण डोस मिळत होता आणि कुणाचं मांस पुन्हा वाढलं की ते नशिबावर जायचं. हे फक्त आपल्याकडचं नाही, अमेरिकेच्या अणू नियामक आयोगाला १९९६ मधे खास सूचना काढावी लागली होती, स्ट्रॉन्शियमच्या डोळ्याच्या अॅप्लिकेटरची कॅलिब्रेशन चुकल्याने पेशंटना चुकीचे डोस गेले म्हणून.

तुझं रुथेनियम तर वर्षभरात निम्मं होतं, ३७० दिवसांच्या थोडं पुढे, म्हणजे महिन्याला साडेपाच टक्के. तासांचा तक्ता छापून भिंतीला लावू नकोस. प्रत्येक पेशंटला त्या दिवशीचा नवा हिशोब, आणि दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्र केलेला.

प्रेसवाल्यांची_लेक

मी फिजिक्सवाली नाही, नाशिकरोडची आहे, वडील प्रेसमधून रिटायर झालेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना हेच झालं, उजव्या डोळ्यासमोर सावली यायला लागली, आधी मोतीबिंदू वाटलं, मग गाठ निघाली, उंची ४ मिलीमीटर सांगितली. मुंबईला हीच चांदीची वाटी बसवली. पंचवटी एक्स्प्रेसने जायचो यायचो, बाबा खिडकीशी बसून एक डोळा झाकून कसाऱ्याचा घाट बघायचे, किती दिसतं ते तपासत.

मला आठवतं, बेडच्या पायाशी कागद होता, त्यावर लावल्याची वेळ, काढायची वेळ आणि मधे ९७ तास. काढायची वेळ पहाटे ५:४० होती. मी तिथल्या सिस्टरला म्हटलं अहो सकाळी आठला काढा ना, बाबांना रात्रभर झोप नाही. त्या म्हणाल्या ताई हे तास डॉक्टर नाही ठरवत, हिशोब ठरवतो. तेव्हा मला रागच आला होता. आज हा धागा वाचून कळलं की त्या ९७ च्या मागे कोणीतरी असं अर्धा मिलीमीटर शोधत बसलं असेल.

डोळा वाचला, नजर थोडी गेली, गाठ बसलीय असं दर सहा महिन्यांनी सांगतात. मला एकच विचारायचंय, घरच्यांनी विचारावं असं यात काही असतं का? म्हणजे पुढे कुणावर वेळ आली तर काय विचारायचं? आम्ही काहीच विचारलं नव्हतं.

गोदाकाठची_फिजिसिस्ट

ताई, तुमची पोस्ट मी आमच्या मॅडमना वाचून दाखवली.

विचारण्यासारखं नक्की असतं. गाठीची उंची सोनोग्राफीने, बी-स्कॅनने मोजतात, ती किती आली आणि दोनदा मोजली का हे विचारा. आम्ही इथे फिल्म आणि चकत्यांचे पावपाव मिलीमीटर शोधतोय, पण स्कॅनवर प्रोब थोडा तिरका धरला गेला आणि उंची अर्धा मिलीमीटर चुकली तर १० टक्के डोस तिथेच गेला. शिवाय पांढऱ्या पडद्याची साधारण १ मिलीमीटर जाडी धरलीय का. प्लाकचा सर्टिफिकेटचा डोस हॉस्पिटलने स्वतः पडताळलाय का आणि तासांचा हिशोब दोघांनी वेगवेगळा केलाय का. कोणी चांगला माणूस या प्रश्नांनी रागावणार नाही.

आता माझं. शुक्रवारी पुन्हा केलं. घुमट उभा चिरून घेतला, दोन फोडींत एकच फिल्म, दोन्ही बाजूंनी नायलॉनचे स्क्रू. प्लाक लांब चिमट्याने ठेवला, समोर अॅक्रिलिकची जाड पाटी, बोटात टीएलडीची अंगठी. जरा सांगते कारण लिनॅकवाल्यांना याची सवय नसते, खोलगट बाजू स्वतःकडे करायची नाही, आणि चिमट्याचं टोक आतल्या चांदीला घासायचं नाही, तिथे फक्त ०.१ मिलीमीटर आहे आणि ओरखडा पडला तर रुथेनियम बाहेर येऊ शकतं. नंतर वाइप टेस्ट केली, म्हणजे प्लाक पुसून त्या बोळ्यावर रुथेनियम आलंय का ते बघितलं, स्वच्छ.

५० मिनिटं ठेवला. दुसऱ्या दिवशी फिल्म काढली तेव्हा स्कॅन करायच्या आधीच खिडकीशी धरून बघितली. वरच्या कडेला गर्द निळसर चंद्रकोर आणि खाली खाली फिकट होत जाणारी, पाचसहा मिलीमीटरनंतर जवळजवळ काही नाही. हे ग्राफवर शंभरदा बघितलंय पण एवढ्याशा तुकड्यावर डोळ्याने दिसलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की रुथेनियम पाचसहा मिलीमीटर उंचीपर्यंतच्याच गाठींना का वापरतात. त्याच्या पलीकडे पोचवायचं म्हटलं तर तळ जाळावा लागेल.

आकडे: अॅक्रिलिकचं पाण्यात रूपांतर करून २ मिलीमीटरला सर्टिफिकेटपेक्षा ५ टक्के कमी, ३ ला ४, ५ ला ६. म्हणजे आता खोलीबरोबर वाढत नाहीये. जुन्या सहा फिल्मचे आकडे पण खऱ्या खोलीवर सरकवून बघितले, ते याच रेषेवर येऊन बसले. १५९ तास करायची पाळी आली नाही. उरलेले ५ टक्के कशाचे ते अजून माहीत नाही, माझ्या मोजणीचेही असू शकतात. आमच्या सीनियर सरांना सगळं दाखवलं, त्यांनी मायक्रोमीटर मागवून घेतलाय आणि आता म्हणतात दर सहा महिन्यांनी करू.

एक अजून राहिलंय. रुथेनियमचा थर वाटीत सगळीकडे सारखा आहे का ते बघायचंय, कुठे दाट कुठे विरळ असेल तर गाठीच्या एका कडेला कमी पडायचा. सपाट फिल्म घुमटावर बसत नाही, सुरकुत्या पडतात, तर फिल्म फुलाच्या पाकळ्यांसारखी कापून गुंडाळायचा विचार आहे. सर, चालेल ना?

जुना_डोसिमेट्रिस्ट

चालेल. आठ पाकळ्या पुरे, जास्त केल्यास तर कडाच कडा होतील आणि कडेचं वाचता येत नाही. एक पाकळी थोडी लांब ठेव म्हणजे प्लाकवरच्या टाक्यांच्या भोकाशी दिशा जुळवता येईल, नाहीतर विरळ जागा सापडेल पण ती कुठल्या बाजूला होती ते कळणार नाही. आणि ५ टक्क्यांसाठी रात्री जागू नकोस, फिल्मची स्वतःची अनिश्चितता ४-५ टक्के असते. दुसऱ्या प्रकाराने मोजता आलं तर मोज, लासलगावकर म्हणाले ते विसरू नकोस. आपल्याकडे आता बीएआरसीत वापरलेल्या इंधनाच्या कचऱ्यातून रुथेनियम वेगळं काढून इथेच प्लाक बनवतात, पुढे हे प्लाक अजून गावागावांत जातील आणि प्रत्येक ठिकाणी मोजणारं कुणीतरी लागेल.

अंबड_टर्नर

मॅडम आडव्या फिल्मसाठी ०.७२ च्या सहा चकत्या करून ठेवल्यात, सगळ्या ०.७१ ते ०.७३ मधे, प्रत्येकीवर आकडा कोरलाय. पैसे नकोत. डमी घेऊन या, निळा लावून इथेच मॅच करू, कुठे टेकत नसेल तर लगेच घासून देतो. सोमवारी संध्याकाळी सहाच्या आत या, नंतर मशीन दुसऱ्या जॉबला लागतं.